प्रकल्प नोंदी: ६४० कार्डं विकून ३५ कार्डं मिळवायची

४ जानेवारी

काम असं ठरवलंय. दोन खोक्यांत वर्षानुवर्षं पडून असलेली ६४० क्रीडा कार्डं (खेळाडूंची छापील चित्रं, लोक जमवतात ती) ऑनलाइन विकायची आणि त्याच पैशांतून फ्लीअर या कार्ड कंपनीच्या १९८६ च्या बास्केटबॉल संचातली मला कमी असलेली ३५ कार्डं घ्यायची. संच १३२ कार्डांचा, माझ्याकडे ९७ आहेत. वरून एकही पैसा घालायचा नाही. चलन प्रत्येकाचं वेगळं असतं, म्हणून हिशोब शेवटी शंभर भागांत मांडेन.

हाच संच का, ते एकदा सांगून टाकते. १९८१-८२ च्या हंगामानंतर टॉप्स या दुसऱ्या कार्ड कंपनीनं बास्केटबॉलची कार्डं काढणं थांबवलं. पुढच्या काही वर्षांत जॉर्डन, बार्कली, ओलाजुवान, यूइंग, कार्ल मलोन असे एकेक खेळाडू मैदानात उतरले आणि १९८६ मध्ये फ्लीअरचा संच आला तेव्हा त्यात सगळे एकदम दिसले. आडनावांच्या क्रमानं लावलेला संच आहे. पहिलं कार्ड करीम अब्दुल-जब्बारचं, १३१ वं जेम्स वर्दीचं आणि १३२ वी नुसती यादी. माझ्या कमी असलेल्या ३५ मध्ये ५७ नंबरही आहे, म्हणजे जॉर्डन.

आज फक्त वर्गवारी केली. अकरा तास लागले, मी चार धरले होते. आणि पहिला धक्काही आजच बसला: ६४० पैकी पाचशेहून जास्त कार्डं १९८८ ते १९९२ या काळातली निघाली. या काळाला संग्राहक ‘जंक वॅक्स’ म्हणतात. टॉप्सच्या १९५२ च्या बेसबॉल कार्डांची न खपलेली खोकी कंपनीच्या साय बर्गर यांनी १९६० मध्ये समुद्रात बुडवली होती. पुढे त्या संचातल्या मिकी मँटल या बेसबॉलपटूच्या कार्डाला मोठी किंमत आली. ते पाहून ऐंशीच्या दशकाअखेर लोकांनी कार्डांचे डबे न फोडता जपून ठेवले आणि कंपन्यांनीही हात सैल सोडून छापलं. आता प्रत्येकाच्याच माळ्यावर तीच कार्डं आहेत.

९ जानेवारी

किंमती ठरवताना मोठी चूक केली. संकेतस्थळावर त्याच कार्डाला इतर विक्रेते काय मागतात ते पाहून यादी बनवली. दोन संध्याकाळी गेल्या त्यात. मागायला कोणीही काहीही मागू शकतो. बघायची असते ती झालेली विक्री, तीही गेल्या दोन-तीन महिन्यांची. तसं पाहिल्यावर माझ्या यादीतले आकडे सरासरी तिसऱ्या हिश्श्यावर आले. त्यातही एक मेख आहे: घासाघीस करून गेलेल्या वस्तूपुढे बऱ्याचदा मूळ मागणीच छापलेली राहते, खरा सौदा कितीला झाला ते दिसत नाही. अशा नोंदी मी आता सरळ वगळते.

शंभरएक कार्डं सुटी विकण्याजोगी आहेत. बाकीची संघवार गठ्ठे करून जातील किंवा जाणार नाहीत.

१३ जानेवारी

फोटो. पहिले चाळीस वाया गेले. कार्ड टॉपलोडरमध्येच, म्हणजे कडक प्लास्टिकच्या पारदर्शक कव्हरातच ठेवून मोबाइलनं काढले होते. प्लास्टिकवरचा प्रत्येक ओरखडा कार्डावरचा वाटतो आणि दिव्याची तिरीप बरोबर खेळाडूच्या चेहऱ्यावर येते.

मग स्कॅनर वापरला. कोपरे आणि कडा छान दिसल्या, पण स्कॅनरचा प्रकाश पृष्ठभागावरच्या बारीक चुण्या पार पुसून टाकतो. विकणारा म्हणून मला ते सोयीचं होतं, पण कार्ड हातात पडल्यावर घेणाऱ्याला चुणी दिसणारच आणि पार्सल परत येणारच. ग्रेडिंग झालेल्या, म्हणजे कंपनीनं दर्जाचे गुण देऊन कडक प्लास्टिकच्या डबीत (स्लॅबमध्ये) बंद केलेल्या दोन कार्डांचे स्कॅन तर पूर्ण धूसर आले. माझा स्कॅनर पातळ, सीआयएस प्रकारचा आहे. काचेला टेकलेलंच त्याला स्पष्ट दिसतं, आणि स्लॅबमध्ये कार्ड काचेपासून थोडं वर राहतं. त्यासाठी जुन्या पद्धतीचा जाडजूड सीसीडी स्कॅनर लागतो.

आता ठरलेली रीत अशी: कार्ड टॉपलोडरमधून बाहेर काढून दोन्ही बाजूंचा स्कॅन आणि शिवाय खिडकीच्या उजेडात तिरपा धरून एक फोटो. कार्डामागे सहा मिनिटं. (ही रीत पाळायचा कंटाळा केला त्या एका वेळेची किंमत पुढे ८ फेब्रुवारीला लिहिली आहे.)

१९ जानेवारी

पहिले सात लिलाव संपले. एका कार्डाला पोस्टेजपेक्षा कमी बोली आली. एकाचा विजेता पैसे भरायलाच आला नाही. चार दिवस वाट पाहून व्यवहार रद्द केला, पुन्हा लिस्टिंग केली आणि त्याच कार्डाला या वेळी निम्मी बोली आली. पहिला विजेता गायब झाला की लोकांना कार्डातच खोट वाटते.

सातही लिलाव मी लिस्टिंग केलं त्या वेळेला, म्हणजे भर कामाच्या दिवशी सकाळी संपले. लिलाव ज्या घटकेला सुरू करतो त्याच घटकेला संपतो, हे मला ठाऊक होतं, पण लक्षात घेतलं नाही. पुढचे सगळे सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी लावले.

कमिशन एकूण रकमेवर कापलं जातं, पोस्टेजसकट. म्हणजे पोस्टात भरायच्या पैशांवरही मी कमिशन देतेय. स्वस्त कार्डांत हेच सगळ्यात जास्त बोचतं.

२७ जानेवारी

पॅकिंगची नोंद सविस्तर लिहिते, कारण माझे सर्वांत मूर्ख वाटणारे तोटे इथेच झाले आणि ते सगळे टाळता येण्यासारखे होते.

पहिली चूक: कार्ड स्लीव्हशिवाय थेट टॉपलोडरमध्ये घातलं. टॉपलोडरची आतली कड कडक असते, कार्ड आतबाहेर करताना कोपरा घासला. आधी पेनी स्लीव्ह, म्हणजे पातळ प्लास्टिकची पिशवी, मगच टॉपलोडर.

दुसरी चूक: टॉपलोडरच्या तोंडावर नेहमीचा पारदर्शक चिकटपट्टा लावला. घेणाऱ्यानं तो ओढला तेव्हा डिंक प्लास्टिकवर राहिला, कार्ड बाहेर सरकलं आणि थेट डिंकाला चिकटलं. पूर्ण पैसे परत केले. त्यांनी फोटो पाठवले होते, वाद घालण्यासारखं काही नव्हतं. आता रंगारी वापरतात तो कागदी टेप लावते आणि त्याचं एक टोक आत दुमडून ठेवते, म्हणजे नखानं न खरवडता निघतो. वरून टीम बॅग (तोंड चिकटवून बंद होणारी प्लास्टिकची पिशवी), म्हणजे कार्ड तोंडातून बाहेर पडायची सोयच नाही.

तिसरी चूक जाडीची. साध्या कार्डाला ३५ पॉइंटचा टॉपलोडर पुरतो, एक पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा भाग. ज्यात खेळाडूच्या जर्सीचा तुकडा बसवलेला असतो ती कार्डं १३० पॉइंटचीही असतात. तसं एक कार्ड मी ७५ पॉइंटच्या टॉपलोडरमध्ये दाबून बसवलं आणि त्याच्या वरच्या कडेला पांढरी रेघ उमटली. ते कार्ड विकायच्या आधीच निम्म्यावर आलं.

चौथी: पैसे वाचवायला दोन कार्डं टॉपलोडरसह साध्या पाकिटात टाकली. टपालाची वर्गीकरण यंत्रं पाकिटं रोलरमधून वाकवत नेतात. टॉपलोडर वाकत नाही, तो अडकतो किंवा पाकीट फोडून बाहेर येतो. एक पाकीट पोचलं तेव्हा त्यात काहीच नव्हतं.

आता नालीदार पुठ्ठ्याचे दोन तुकडे, टॉपलोडरपेक्षा चारी बाजूंनी बोटभर मोठे, आणि कार्ड त्यांच्या मधोमध. पुठ्ठा टॉपलोडरएवढाच कापला तर कोपऱ्यावर बसलेला मार सरळ आत पोचतो. हे सगळं बबल पाकिटात, ट्रॅकिंगसह. पाकीट हलवून बघायचं. आतून आवाज आला तर पुन्हा उघडायचं.

८ फेब्रुवारी

आजची नोंद लिहायला दोन दिवस उशीर केला, राग उतरायची वाट पाहत होते.

खोक्यांतलं माझं सर्वांत चांगलं कार्ड होतं अप्पर डेक कंपनीच्या १९८९ च्या संचातलं पहिलं कार्ड, बेसबॉलपटू केन ग्रिफी ज्युनिअर. नकला रोखायला अप्पर डेकनं पहिल्याच संचापासून मागच्या बाजूला होलोग्राम लावला. हे कार्डही त्या काळातल्या इतरांसारखंच भरमसाट छापलं गेलं, तरी लोक अजून शोधतात. माझं जवळपास निर्दोष होतं: चारही कोपरे टोकदार, समोरचं सेंटरिंग, म्हणजे चित्र किनारींच्या मधोमध असणं, नेमकं. चांगली किंमत आली. घेणाऱ्यानं पार्सल मिळाल्यावर तिसऱ्या दिवशी तक्रार केली: ‘वर्णनाप्रमाणे नाही, कोपरा बोथट आहे, पैसे परत करा.’ मी म्हटलं, कार्ड परत पाठवा. आलं. खालचा डावा कोपरा बोथट होता आणि ते माझं कार्ड नव्हतं.

मला ते दिसताक्षणी कळलं. मागच्या बाजूचा मजकूर एका अंगाला झुकलेला होता, माझ्या कार्डाचा नव्हता. पण माझ्याकडे मागच्या बाजूचा स्कॅनच नव्हता! त्या दिवशी घाई होती, समोरच्याचा एक फोटो काढून लिस्टिंग टाकलं होतं. समोरच्या फोटोत खालचे दोन कोपरे बोटाखाली होते. संकेतस्थळाच्या तक्रार विभागाला मी चार पत्रं लिहिली. प्रत्येक वेळी उत्तर एकच: वस्तू परत मिळाल्याची नोंद आहे, पैसे खरेदीदाराला दिले आहेत. माझं म्हणणं खोटं आहे असं कोणी म्हटलं नाही. खरं ठरवायला माझ्या हातात काही नव्हतं, एवढंच.

मला पैशांपेक्षा ते कार्ड गेल्याचं दुःख जास्त आहे. तीस वर्षांहून जास्त काळ ते सांभाळलं होतं.

यापुढे ठराविक किमतीवरचं प्रत्येक कार्ड दोन्ही बाजूंनी ६०० डीपीआयवर स्कॅन होतं. छपाईतले आगंतुक ठिपके, कडेचा एखादा तंतू, दोन्ही बाजूंचं सेंटरिंग हे त्या कार्डाचे बोटांचे ठसे असतात, ते मी वहीत टिपते. लिस्टिंगमध्येही एक वाक्य घालते की कार्डाच्या छपाईच्या खुणा नोंदवून ठेवल्या आहेत. पॅकिंग करताना सलग व्हिडिओ: स्कॅन केलेलं कार्ड, टॉपलोडर, पाकीट, पत्त्याची चिठ्ठी, मध्ये कुठेही न थांबवता. आलेलं परत पार्सलही कॅमेऱ्यासमोरच उघडायचं.

१६ फेब्रुवारी

आता खरेदी. विक्रीतून जेवढे आले त्यातून बारा साध्या कार्डांचा एक गठ्ठा घेतला, वर्णन ‘निअर मिंट’, म्हणजे जवळजवळ नवंकोरं. बारापैकी पाच कार्डांवर घडी होती, दोन तर तिरप्या उजेडाची गरज न लागता दिसणारी. विक्रेत्याला लिहिलं तर ते म्हणाले, “तीसहून जास्त वर्षं जुन्या कार्डाला हे निअर मिंटच म्हणायचं.” त्यांचा उद्देश वाईट होता असं मला वाटत नाही. निअर मिंट म्हणजे ग्रेडिंगच्या मापात दहापैकी ७, तिथे घडीला जागाच नाही, पण सुट्या कार्डांच्या बाजारात तो शब्द जो तो आपल्या मनाप्रमाणे वापरतो.

म्हणून आता दर्जा विचारतच नाही. मी तीन प्रश्न विचारते: तिरप्या उजेडात घडी किंवा चुणी दिसते का, चारही कोपऱ्यांचे जवळून फोटो मिळतील का, मागे पेन-पेन्सिलची खूण आहे का. शेवटचा प्रश्न १३२ नंबरमुळे सुचला. ती यादी आहे, आणि मुलांनी त्या काळी आपल्याकडे असलेल्या नावांपुढे इमानेइतबारे खुणा केल्या. ते कार्ड मी तीनदा घेतलं. दोनदा खुणा असलेलं आलं.

२३ फेब्रुवारी

आलेल्या कार्डांपैकी एक शेजारच्यांपेक्षा किंचित अरुंद वाटलं. कार्डाचं माप अडीच बाय साडेतीन इंच, म्हणजे ६३.५ बाय ८८.९ मिलिमीटर. हे ६२.७ भरलं. बोथट कड कापून टोकदार केलेली असावी.

मोजताना आधी व्हर्निअर कॅलिपर वापरला आणि त्याच्या जबड्यानं एका चांगल्या कार्डाच्या कडेचा रंग उडवला. या संचाची किनार रंगीत आहे, जरा टवका उडाला की आतला पांढरा कागद दिसतो. मापायला कॅलिपर नको. खात्रीच्या कार्डावर संशयित कार्ड ठेवायचं, दोन्हीचा एक कोपरा जुळवायचा आणि समोरच्या कडा बघायच्या. कारखान्यातच थोडं कमी-जास्त कापलं जातं, म्हणून नुसत्या मापावरून निकाल देऊ नये. कडेचा पोतही बघावा. जुनी कड किंचित मऊ, पिवळसर होते. ताजी कापलेली कड भिंगाखाली लख्ख आणि धारदार असते.

कड कापण्याचं प्रकरण किती वरपर्यंत जातं याचं उदाहरण म्हणजे १९०९-११ च्या टी२०६ या बेसबॉल संचातलं होनस वॅग्नर या खेळाडूचं कार्ड. पीएसए या ग्रेडिंग कंपनीनं ग्रेड केलेलं पहिलं कार्ड तेच, आणि त्याला ८ मिळाले होते. लिलाव व्यावसायिक बिल मॅस्ट्रो यांनी २०१३ मध्ये कबूल केलं की त्या कार्डाच्या कडा त्यांनी कापल्या होत्या. इतक्या नजरांखालून गेलेलं कार्ड असं निघतं, तर घरात बसून मोबाइलवर फोटो बघणाऱ्याला ते कसं कळावं?

५ मार्च

५७ नंबर. नेहमीपेक्षा बऱ्याच कमी किमतीत, सुटं, ‘नातेवाइकांच्या जुन्या सामानात सापडलं’ असं वर्णन. मला कळत होतं. तरी घेतलं.

आल्यावर आधी जांभळ्या-निळ्या (अतिनील) प्रकाशाची बॅटरी मारली, कार्ड चमकलं आणि तेवढ्यावरून ते बनावट ठरवून मी एक दिवस भलत्याच निष्कर्षावर बसले. ती कसोटी इथे लागूच नाही. कागदात उजळपणा आणणारी रसायनं चाळिशीच्या दशकाअखेरपासून येऊ लागली. त्यामुळे वॅग्नरच्या काळातलं कार्ड चमकलं तर ते नक्की नंतरचं, पण १९८६ चं अस्सल कार्डही चमकू शकतं.

खरी कसोटी भिंगाची निघाली. मी तीसपट भिंग घेतलं आणि माझ्या ९७ पैकी एक खात्रीचं कार्ड शेजारी ठेवलं. अस्सल छपाईत चित्र रंगीत ठिपक्यांचं असतं, पण काळी अक्षरं आणि रेघा सलग शाईच्या, कड स्वच्छ. या जॉर्डनची अक्षरंसुद्धा ठिपक्यांनी बनलेली होती. अस्सल कार्डाचा स्कॅन घेऊन पुन्हा छापलं की असंच होतं. दोन मिनिटांत निकाल लागला. महागडं कार्ड घ्यायच्या आधी त्याच संचातलं एक अगदी स्वस्त कार्ड घेऊन ठेवा, तुलनेसाठी त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

पैसे परत मिळाले, एकोणीस दिवसांनी. तोवर ते अडकून होते आणि दोन हवी ती कार्डं हातची गेली.

पुढे स्लॅबमधलंच घ्यावं असं ठरवलं, पण तिथेही डोळे उघडे ठेवायला लागतात. खोटे स्लॅब बनतात आणि त्यांवर अस्सल कार्डाचा नंबर छापलेला असतो. कंपनीच्या संकेतस्थळावर नंबर टाकला की तो बरोबरच दिसतो. त्या नंबरचा फोटो तिथे असेल तर कार्डाचं सेंटरिंग आणि कोपरे त्याच्याशी ताडून बघायचे.

११ मार्च

लिलावात मी आधी बोली लावून ठेवायची आणि दर वेळी कोणीतरी शेवटच्या क्षणी थोड्यानं पुढे जायचं. चार हरले. आता आकडा आधीच कागदावर लिहिते आणि शेवटच्या दहा सेकंदांत एकदाच बोली लावते. सहापैकी तीन जिंकले. कागदावरचा आकडा ओलांडायचा नाही, एवढं मात्र सांभाळावं लागतं.

२६ एप्रिल

ग्रेडिंगला पाठवलेली सहा कार्डं आज परत आली. त्यातून नफा होईल हा माझा अंदाज साफ चुकला. तीन कार्डांना ८, एकाला ७, एकाला ६. सहावं ग्रेडशिवाय आलं, शेरा: कड कापल्याचा पुरावा. ते मी २३ फेब्रुवारीच्या खूप आधी घेतलेलं होतं, तेव्हा मोजायचं सुचलंच नव्हतं. सहा मिळालेल्या कार्डावर मागच्या बाजूला केसाएवढी चुणी आहे. कळल्यावरसुद्धा शोधायला मला पाच मिनिटं लागली.

९ ची अपेक्षा असलेल्या एका कार्डाचं सेंटरिंग मी पाठवायच्या आधी मोजायला हवं होतं. डावी किनार २.१ मिमी, उजवी ३.४, म्हणजे साधारण ३८ : ६२. पट्टी घरातच होती. सुटी विकली असती तर पाचही कार्डांत मिळून जास्त पैसे राहिले असते.

१० मे

हिशोब. एकूण विक्री शंभर भाग धरली तर कमिशन १४, पोस्टेज १९, पॅकिंगचं सामान ६, परत केलेले पैसे १७, ग्रेडिंग १५. खरेदीला उरले २९. वेळ ११८ तास, त्यातले चाळीसच्या आसपास नुसत्या पत्रव्यवहारात. ६४० पैकी १४३ कार्डं गेली. जंक वॅक्सची बाकी खोकी जशीच्या तशी आहेत. त्यातली बरी शंभर मी नव्यानं जमवायला लागलेल्या मुलांना देणार आहे. त्यांना पोस्टेज पडणार नाही आणि परत पाठवायचाही प्रश्न नाही.

३५ पैकी ३४ आली. नऊ खिशांच्या पंधरा पानांत संच लावला. शेवटची यादी, खुणा नसलेली, आज दुपारी तिच्या जागी बसली. सातव्या पानावरचा तिसरा खिसा रिकामा आहे. स्लॅबमधला जॉर्डन त्या खिशात मावणारही नाही, म्हणून सुट्याच्याच शोधात आहे, भिंग टेबलावर काढून ठेवलंय. काल एका विक्रेत्याला तिरप्या उजेडातला फोटो मागितला. उत्तर आलं नाही.